ऋतुचक्राचा सूत्रधार कोण?

अंबरनाथच्या शिवमंदिरांतील शिलालेखावर शके ९८२ हा काल कोरलेला आहे, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या राजवटींत, हें देऊळ उभें राहिलें. मंडपांतून गाभाऱ्यांत जावयाचें तर सुमारें वीस पायऱ्या खालीं उतराव्या लागतात. या खोल आणि अंधाऱ्या जागेस आपल्या शिल्पशास्त्रानें ‘गर्भगृह’ असें नांव दिलें आहे. देवाच्या वसतिस्थानास मातेच्या उदराची उपमा देणारी ही परंपरा. परंतु ज्या ऋतुचक्रावांचून कोणतेंच मानवी उदर गर्भ धारण करण्यास सिद्ध होत नाहीं, त्या चक्राचे चार दिवस चालू असलेली स्त्री याच परंपरेंत गाभाऱ्याच्याच नव्हे, तर स्वतःच्या स्वयंपाकघराच्याहि बाहेर बसत आली. “कावळा शिवला” एवढ्या दोन शब्दांत घरांतल्या मुलांची समजूत काढली जाई, आणि बहुधा मोठ्यांचीहि.

चौदाव्या शतकांत चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनीं आपल्या अभंगांतून विटाळाच्या या कल्पनेसच हात घातला. ज्याला विटाळ म्हणावयाचें त्यावांचून जगांत एकहि देह निपजत नाहीं, मग सोंवळें राहिलें कोण, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सवाल बिनतोड होता. परंतु हा स्राव दर महिन्यास कां येतो, तो आणतो कोण आणि थांबवितो कोण, हें त्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर कोणासच ठाऊक नव्हतें. तें कळण्यास आणखी सहाशें वर्षें लागलीं. या सहाशें वर्षांपैकीं शेवटच्या शंभरांत जें घडलें, तें म्हणजे एका सूत्रधाराचा शोध होय. आणि त्या शोधाला जो उशीर झाला त्याची किंमत स्त्रियांनीं आपल्या देहानें भरली.

प्राचीनांनीं निरीक्षण केलें नव्हतें असें नाहीं. ऋतु साधारण बाराव्या वर्षीं सुरू होतो आणि पन्नाशीच्या सुमारास संपतो, असें सुश्रुतसंहिता सांगते. गर्भधारणेस योग्य असा ऋतुकाल ती बारा रात्रींचा मानते. मनुस्मृति तो सोळा रात्रींचा धरते आणि त्यांतल्या पहिल्या चार वर्ज्य ठरविते. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रांत गर्भधारणेस अनुकूल दिवस सुमारें नवव्यापासून चौदाव्यापर्यंत येतात, असें आजचें शास्त्र सांगतें. म्हणजे जुन्यांचा अंदाज अगदींच चुकला नव्हता. मात्र त्याच गणितांत सम रात्रीं पुत्र आणि विषम रात्रीं कन्या असाहि नियम गोंवला गेला, त्याला कसलाच आधार नाहीं. कारणाविषयीं विचारलें तर बोट चंद्राकडे जाई, कारण चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. परंतु निरोगी स्त्रियांचें चक्र एकवीस दिवसांपासून पस्तीस दिवसांपर्यंत कितीहि लांबीचें असूं शकतें, आणि एकाच घरांतल्या बहिणींच्याहि तारखा जुळत नाहींत. आकाशांतला चंद्र एकच असतां असें कां व्हावें, याला त्या मतांत उत्तर नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपनें चंद्राला सोडलें आणि मज्जातंतूंना धरलें. प्फ्ल्यूगर या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८६० नंतरच्या दशकांत असा सिद्धान्त मांडला कीं, अंडाशयांत वाढणारें बीजपुटक तेथील मज्जातंतूंवर दाब आणतें, त्याची प्रतिक्रिया म्हणून गर्भाशयाकडे रक्ताचा लोंढा येतो आणि स्राव सुरू होतो. माजावर आलेल्या कुत्रीस रक्तस्राव होतो, त्यावरून स्त्रीचा मासिक स्राव म्हणजे तसाच माज, असेंहि पुष्कळ वैद्य समजून चालले. या समजुतीचा परिणाम विलक्षण झाला. गर्भधारणा पाळीच्या आगेंमागें होते आणि महिन्याचा मधला काळ निर्धोक असतो, असा सल्ला नामांकित डॉक्टर देऊं लागले. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. जे दिवस जोखमीचे तेच सुरक्षित म्हणून सांगितले गेले, आणि ज्या दांपत्यांनीं विश्वासानें तो सल्ला पाळला त्यांच्या घरीं पाळणे हलत राहिले.

अज्ञान एवढ्यावर थांबलें नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट बॅटी या शस्त्रवैद्यानें इ. स. १८७२ मध्यें पाळीच्या दिवसांतील पीडेवर उपाय म्हणून अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि पाहतां पाहतां डोकेदुखीपासून उन्मादापर्यंत नाना तक्रारींवर निरोगी अंडाशय कापले जाऊं लागले. कित्येकजणी त्यांत दगावल्या. पुढच्याच वर्षीं बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनीं एक पुस्तक लिहून मुलींना मुलांप्रमाणें अभ्यास करावयास लावल्यास त्यांची जननशक्ति खुंटेल, असा इशारा दिला. या पुस्तकास उत्तर एका स्त्रीनेंच दिलें. डॉ. मेरी पटनम जॅकोबी यांनीं प्रश्नावली पाठविल्या, २६८ स्त्रियांचीं उत्तरें जमविलीं, नाडीचे आलेख काढले, आणि निरोगी स्त्रीला त्या दिवसांत काम किंवा अभ्यास सोडण्याची गरज नाहीं असें दाखवून दिलें. या निबंधास इ. स. १८७६ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाचें बॉयल्स्टन पारितोषिक मिळालें.

या जॅकोबीबाई फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर, त्याच महाविद्यालयाशीं अंबरनाथच्या मुलुखाचाहि संबंध आहे. अंबरनाथहून आगगाडीनें मुंबईकडे निघालें कीं उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी मागें टाकून कल्याण येतें. त्या कल्याणांत इ. स. १८६५ मध्यें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी इ. स. १८८६ मध्यें त्याच महाविद्यालयांतून एम. डी. झाल्या. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मूल, आणि तें मूल दहा दिवसांत गेलेलें, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या प्रबंधास त्यांनीं विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परंतु ज्या वयांत हिंदुस्थानांतल्या मुली माता होत होत्या, त्या वयांत त्यांच्या शरीरांत काय घडत असतें, याचें खरें उत्तर त्या वर्षीं जगांतल्या कोणत्याहि वैद्यकीय ग्रंथांत नव्हतें. आनंदीबाई इ. स. १८८७ च्या फेब्रुवारींत वारल्या. उत्तराची पहिली रेघ त्यानंतर दहा वर्षांनीं उमटली.

ती उमटली व्हिएन्ना शहरांत. एमिल क्नाउअर यानें सशाच्या मादीचे अंडाशय मूळ जागेवरून काढून शरीरांत दुसरीकडे रोपले. मज्जातंतु तुटले होते, तरी मादीचें गर्भाशय सुकलें नाहीं. इ. स. १९०१ मध्यें योसेफ हाल्बान यानें हाच प्रयोग माकडिणींवर केला. अंडाशय काढतांच त्यांची पाळी बंद पडली, कातडीखालीं रोपतांच परत आली, आणि रोपलेला अंडाशय काढतांच पुन्हां थांबली. निरोप जात होता हें उघड झालें. पण तो मज्जातंतूंच्या तारेनें नव्हे, तर रक्ताच्या प्रवाहांतून. अशा रक्तांतून वाहणाऱ्या निरोप्यांना इ. स. १९०५ मध्यें इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनीं ‘हॉर्मोन’ असें नांव दिलें. मराठींत त्यांना आतां संप्रेरक म्हणतात. सूत्रधार सांपडला असें वाटलें, आणि तो होता अंडाशय.

या शोधाला लगेच एक जोड मिळाली. गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां ते कधीं पातळ तर कधीं जाड, कधीं कोरडे तर कधीं रसानें भरलेले दिसत. यांतल्या पुष्कळशा रूपांना वैद्य दाह समजत आणि तें अस्तर खरवडून काढीत. व्हिएन्नाच्याच हिट्श्मान आणि आडलर या दोघांनीं इ. स. १९०८ मध्यें प्रत्येक तुकड्याबरोबर त्या स्त्रीच्या पाळीची तारीख टिपून ठेवली. तारखा लावून पाहतां कळलें कीं, हे निरनिराळे रोग नव्हेत. एकाच निरोगी अस्तराचीं महिन्यांतल्या निरनिराळ्या दिवसांचीं तीं रूपें आहेत. ज्यावर इतकीं वर्षें उपचार झाले तो रोगच नव्हता. केवळ तारीख विचारण्याचें राहून गेलें होतें.

अंडाशय कोणता निरोप धाडतो हें शोधण्यास पुढें तीस वर्षें गेलीं. इ. स. १९२३ मध्यें अमेरिकेंतल्या सेंट लुई येथें एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनीं डुकरिणीच्या बीजपुटकांतील द्रव उंदरीस टोंचला आणि ती माजावर आली. या द्रव्यांच्या गटास ईस्ट्रोजेन म्हणतात. त्यांतल्या सर्वांत प्रभावी द्रव्याचे अवघे कांहीं मिलिग्रॅम मिळविण्यास डॉइझी यांच्या मंडळीस पुढें डुकरिणींचे सुमारें चार टन अंडाशय लागले. इतक्या अल्प मात्रेंत हे निरोप शरीरांत फिरत असतात. दुसरें द्रव्य निघालें तें बीज सुटून गेल्यावर त्या रिकाम्या पुटकाचा जो पिवळा पिंड बनतो त्यांतून. कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनीं इ. स. १९२९ मध्यें त्याचा अर्क गर्भ टिकवून धरतो असें सिद्ध केलें. त्याला प्रोजेस्टेरॉन हें नांव मिळालें.

परंतु याच सुमारास अंडाशयाचें सूत्रधारपद डळमळूं लागलें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी नांवाची ग्रंथि असते. बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक यांनीं इ. स. १९२७ मध्यें तिचा तुकडा वयांत न आलेल्या उंदरीच्या अंगांत रोपला, तों तिचे अंडाशय कांहीं दिवसांत प्रौढ झाले. गरोदर स्त्रीच्या लघवीनेंहि असाच परिणाम होतो हें त्यांनीं दाखविलें, आणि गर्भ राहिला कीं नाहीं हें सांगणारी पहिली विश्वसनीय चांचणी जगास मिळाली. पिट्युइटरीचीं संप्रेरकें दोन आहेत, एक बीजपुटक वाढविणारें आणि दुसरें पीतपिंड घडविणारें, हेंहि लवकरच कळलें. आतां सूत्रें पिट्युइटरीच्या हातीं दिसूं लागलीं.

त्याच दशकांत जपानांतल्या निईगाता येथील डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनीं एक साधी पण मोलाची गोष्ट केली. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं अंडाशय डोळ्यांनीं पाहावयाचा, बीज सुटलें आहे कीं नाहीं तें टिपावयाचें, आणि रुग्णाच्या पाळीच्या तारखा विचारून घ्यावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. बीज सुटतें तें मागच्या पाळीपासून ठराविक दिवसांनीं नव्हे, तर पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस अगोदर, असा निष्कर्ष त्यांनीं इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियाचे क्नाउस स्वतंत्र मार्गानें जवळजवळ त्याच निर्णयास आले. शतकभराचा उलटा सल्ला अखेर सुलट झाला.

मराठी वाचकांपुढें अशा गोष्टी उघडपणें मांडणें मात्र त्या काळीं सोपें नव्हतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं इ. स. १९२१ मध्यें मुंबईत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, त्यापायीं इ. स. १९२५ मध्यें नोकरी सोडली, आणि इ. स. १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. पत्नी मालतीबाई यांच्या मिळवतीचा आणि सोबतीचा आधार नसता तर तें चालतें ना. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस मासिकांतून दिलेल्या उत्तरांवरून इ. स. १९३४ मध्यें त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तरी रघुनाथरावांना दंड भरावा लागला. इ. स. १९५३ च्या ऑक्टोबरांत त्यांचें निधन होईपर्यंत मासिक निघत राहिलें. शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत जें मिळविलें तें घरापर्यंत पोंचविण्यास निराळें धैर्य लागतें, आणि त्याचा मोबदला बहुधा निराळाच मिळतो.

नुसता आंकडा पोंचून भागत नाहीं, हेंहि अनुभवास आलें. स्वतंत्र भारताच्या सरकारनें इ. स. १९५२ च्या सुमारास दिल्ली व म्हैसूरकडील कांहीं भागांत तारखांच्या हिशेबाची पद्धत शिकवून पाहिली. दिवस मोजण्यासाठीं स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळाहि दिल्या. हेतु चांगला होता, पण यश बेताचेंच आलें. बीज सुटल्यानंतरचे दिवस बहुधा चौदाच्या आसपास असतात, पण सुटण्यापूर्वींचे दिवस दर महिन्यास कमीजास्त होतात. पुढची पाळी केव्हां येणार हें आधीं कळल्यावांचून उलट मोजणार कसें? हे आधींचे दिवस ठरवितो कोण, हाच मूळ प्रश्न पुन्हां उभा राहिला.

त्याचा माग आतां मेंदूंत लागला. इंग्लंडच्या जेफ्री हॅरिस यांनीं इ. स. १९५५ पर्यंत सप्रमाण दाखविलें कीं, पिट्युइटरी ही मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाच्या आज्ञेंत असते, आणि ती आज्ञाहि बारीक रक्तवाहिन्यांतूनच येते. तें आज्ञाद्रव्य मिळविण्यास शॅली यांनीं लाखाहून अधिक डुकरांच्या, तर गिय्युमँ यांनीं मेंढ्यांच्या मेंदूचे भाग गोळा केले, इ. स. १९७१ मध्यें त्याची रचना उलगडली. अवघ्या दहा घटकांची ती साखळी आहे. या दोघांस इ. स. १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग रक्तांतलीं अत्यल्प संप्रेरकें मोजण्याची युक्ति काढणाऱ्या रोझलिन यॅलो यांना गेला. पुढें अर्न्स्ट क्नोबिल यांनीं माकडिणींवरील प्रयोगांत दाखविलें कीं, हें द्रव्य संथ धारेनें दिल्यास पिट्युइटरी गप्प होते, आणि तासातासानें ठोका द्यावा तसें दिल्यासच ती काम करते. म्हणजे खरा सूत्रधार मेंदू तर नव्हे? परंतु क्नोबिल यांचा पुढचा अनुभव आणखी विस्मयकारक होता. ज्या माकडिणींच्या मेंदूंतला हा भाग निकामी केला होता, त्यांना यंत्रानें दर तासास तोच एक ठोका, कसलाहि फेरबदल न करतां, दिला. तरी त्यांचें ऋतुचक्र यथास्थित चाललें. घड्याळाचा लंबक मेंदूंत खरा, पण तारीख अंडाशयच ठरवीत होता.

हें कसें घडतें तें आतां क्रमानें सांगतां येतें. पाळीच्या सुरुवातीस पिट्युइटरीच्या प्रेरणेनें कांहीं बीजपुटकें वाढूं लागतात, त्यांतलें बहुधा एकच पुढें सरतें आणि ईस्ट्रोजेन स्रवूं लागतें. त्यानें गर्भाशयाचें अस्तर जाड होतें. रक्तांतलें ईस्ट्रोजेन वाढलें कीं पिट्युइटरी आपला हात आखडता घेते. पाण्याची टांकी भरतां भरतां चेंडू वर येऊन नळ बंद करतो, तसाच हा प्रकार. पण पुटक पिकून ईस्ट्रोजेन उच्चांकास पोंचलें आणि सुमारें दोन दिवस तेथेंच राहिलें, कीं तोच निरोप उलटा वाचला जातो: नळ बंद होण्याऐवजीं सताड उघडतो. पिट्युइटरीच्या संप्रेरकाची लाट उसळते, आणि सुमारें दीड दिवसांत बीज सुटतें. पुटक पिकण्यास कधीं दहा दिवस लागतात, कधीं वीस. म्हणून मण्यांचें गणित चुकतें. बीज सुटल्यावर पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवतो, अंगाची उष्णता अर्ध्या अंशापर्यंत वाढते, आणि अस्तर गर्भाच्या स्वागतास सज्ज होतें. गर्भ राहिला तर तो स्वतःचा निरोप धाडून पीतपिंडास जगवितो. आशहाइम व झोंडेक यांना गरोदर स्त्रीच्या लघवींत जो सांपडला तो हाच. गर्भ न राहिल्यास पीतपिंड सुमारें चौदा दिवसांत सुकतो आणि अस्तराचा आधार तुटतो. इ. स. १९४० मध्यें मार्की यांनीं माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे कण तिच्याच डोळ्याच्या पारदर्शक पडद्यामागें रोपून हा शेवटचा देखावा प्रत्यक्ष पाहिला: वेटोळ्या रक्तवाहिन्या आवळतात, अस्तर निस्तेज पडतें, आणि मग रक्त सुटतें. तें बहुधा तीस ते चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असतें. त्यांत विष नाहीं कीं मळ नाहीं. पाहुण्यासाठीं मांडलेली आणि पाहुणा न आल्यानें उचललेली ती बैठक आहे.

या ज्ञानाचा उपयोग मुंबईनेंहि करून दाखविला. परळ येथें इ. स. १९७० मध्यें प्रजनन-संशोधनाची राष्ट्रीय संस्था नांवारूपास आली. तिच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीं के. ई. एम. रुग्णालयांत जो उपचार केला, त्यांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजीं प्रयोगशाळेंत फलन झालेलें बालक जन्मास आलें. अशा उपचारांत बीज सुटण्याची घटका तासांच्या हिशेबानें साधावी लागते. जी घटका आनंदीबाईंच्या काळीं पंधरवड्यानें चुकत होती, ती आतां घड्याळ लावून गांठतां येते.

घरोघरीं लागणारा उपयोग मात्र याहून साधा आहे. पहिल्या एकदोन वर्षांत मुलीची पाळी अनियमित येते, कारण मेंदू, पिट्युइटरी आणि अंडाशय यांचा संवाद अद्याप जुळत असतो. उपासमार, फाजील श्रम किंवा मोठा आघात यांनीं पाळी थांबूं शकते, कारण दुष्काळांत गर्भ नको, म्हणून मेंदू आपले ठोके मंदावतो. अशा वेळीं मुलीला धाक किंवा अंगारा यांचा उपयोग नाहीं; पोटभर अन्न, विश्रांति आणि वैद्याचा सल्ला यांचा आहे.

आणि सूत्रधार? तो एक कोणी नव्हताच. मेंदू ठोका देतो, पिट्युइटरी तो पुढें पोंचविते, अंडाशय पिकल्याची वर्दी उलट मेंदूकडे पाठवितो, गर्भाशय वाट पाहतें. प्रत्येकजण बोलतो तो आपली वेळ आल्यावर. या व्यवहाराला मराठी स्त्रियांनीं शास्त्राच्या फार आधीं जें नांव दिलें, तें आहे ‘पाळी’. विटाळ या शब्दाहून तें शतपटीनें खरें होतें.